घरच्या काचपेटीत कोरी माशांची पैदास

कोरीडोरस, म्हणजे दुकानदार ज्याला नुसते ‘कोरी’ म्हणतात तो, बोटभर लांबीचा, मिशाळ आणि अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्यांचे चिलखत असलेला दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. आपल्या बोडीत (शेततळ्यात) किंवा मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, जाळ्याला लागणाऱ्या टेंगरा-मागूरचा तो दूरचा नातलग. स्वभावाने मात्र अगदी गरीब. त्याच्या मुलखात कोरडा ऋतू संपून पावसाचे गार, मृदू पाणी नदीत उतरले की तो अंडी घालतो, आणि घरी त्याची पैदास करायची म्हणजे हाच बदल आपल्या हाताने घडवून आणायचा. विदर्भात मृग बरसला की निम्मे काम आभाळच करते. अवघड जातात ते त्याआधीचे दोन महिने आणि पिल्ले निघाल्यानंतरचे पंधरा दिवस.

जातीची निवड हवामान पाहूनच करावी. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या आणि १८४२ साली शास्त्रीय वर्णन झालेल्या ठिपकेदार कोरीला थंड पाणी मानवते, त्यामुळे इतिहास कितीही मोठा असला तरी आपल्या उन्हाळ्यात ती जात सांभाळणे कठीणच. कांस्य रंगाची कोरी आणि तिचाच पांढरा प्रकार काटक असतो, सहज मिळतो आणि नवख्याला अंडीही लवकर देतो. एकाच वयाचे सहा-सात लहान मासे आणून वाढवावेत. साधारण वर्षभरात ते वयात येतात. वरून पाहिल्यास मादी भरल्या दाण्यासारखी रुंद व गोल दिसते आणि नर सडपातळ असतो. एका मादीमागे दोन नर असल्यास अंडी चांगली फळतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी सुमारे ५६ लिटरची टाकी पुरेशी होते. तळाला धुतलेली बारीक नदीची वाळू घालावी; क्रशरची चुरी धारदार असल्याने तळ उकरणाऱ्या या माशांच्या मिशा तिने झिजतात. स्पंज फिल्टर लावावा, आणि पाणी काठोकाठ न भरता वर चार बोटे हवा ठेवावी, कारण कोरी मधूनच वर झेपावून हवेचा घोट घेते व आतड्यातून त्यातील प्राणवायू शोषते. पाहुणे आले की ‘मासा तडफडतोय’ असे म्हणतात; त्यांना हे एकदा समजावून सांगावे लागते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी पैदाशीसाठी जड समजावे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात तर ते खारेही असते. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवणे हाच स्वस्त उपाय आहे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे, मग स्वच्छ स्लॅबवरून किंवा अंगणात बांधलेल्या प्लॅस्टिकच्या कापडावरून येणारे पाणी झाकणाच्या ड्रममध्ये भरावे. गंजक्या टिनावरचे पाणी घेऊ नये. नुसते पावसाचे पाणीही वापरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ नसल्याने त्याचा सामू (पीएच) एकाएकी घसरू शकतो. निम्मे पावसाचे आणि निम्मे नेहमीचे, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल, तर ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि कोरीला २२ ते २६ अंशांचे पाणी हवे असते. त्या दिवसांत पैदाशीचा विचारही न करता मासे जगवणे एवढेच काम असते. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीलगत ठेवावी, तिच्या बाहेरून ओले पोते लावावे आणि पाण्यावरून पंख्याचा वारा वाहता ठेवावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाच्या बाटल्या मला पटत नाहीत, कारण तापमान झपाट्याने खाली-वर होते आणि त्याचाच माशांना अधिक त्रास होतो.

पावसाच्या तीन आठवडे आधीपासून माशांना भरपूर सकस खाद्य द्यावे. डासांच्या अळ्या उत्तम, आणि ओल्या मातीतली गांडुळे धुऊन, बारीक चिरून दिल्यास माद्या आठवड्याभरात फुगतात. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळे मात्र उग्र स्रावामुळे मासे बहुधा थुंकून टाकतात. फवारणी झालेल्या कपाशीच्या शेतातली गांडुळे किंवा पाणी कधीही आणू नये, आणि फवारणी करून आलेला हात साबणाने धुतल्याखेरीज टाकीत घालू नये. टाकीच्या खोलीत डासांची अगरबत्तीही लावू नये, कारण एअर पंप तो धूर थेट पाण्यात ढकलतो.

या काळात पाणी थोडेच बदलावे. मग आभाळ भरून आले आणि हवा जड झाली, की संध्याकाळी निम्मे पाणी काढून त्याऐवजी तीन-चार अंशांनी गार पाणी हळूहळू सोडावे. पाऊस लांबला असल्यास किंवा ऑक्टोबरमध्ये पुन्हा प्रयत्न करायचा असल्यास रांजणात रात्रभर ठेवलेले पाणी चालते. लागोपाठ दोन-तीन दिवस हे केले की बहुधा एखाद्या सकाळी नर मादीच्या मागे काचेवर वर-खाली धावताना दिसतात, आणि मादी तोंडाने काच पुसत फिरते. नंतर नर आडवा होतो व मादी त्याच्या पोटाशी तोंड लावून क्षणभर स्तब्ध राहते. १९९५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, कांस्य कोरीची मादी या वेळी नराचे शुक्रद्रव्य तोंडाने पिते, आणि ते आतड्यातून वेगाने जाऊन तिने पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपर्यंत पोहोचते. ती दोन-चार अंडी घेऊन ती काचेकडे जाते, ती चिकटवते आणि परत येते. हे काही तास चालते.

काम संपले की आईबाप तीच अंडी खाऊ लागतात. म्हणून अंडी थोडी टणक होऊ द्यावीत, आणि मग बोटाच्या टोकाने हलकेच घोळवून काचेवरून सोडवावीत. ती पाच लिटरच्या डब्यात त्याच टाकीच्या पाण्यात ठेवून हवेची बारीक धार सोडावी, आणि पाणी फिकट निळे दिसेल इतकेच मिथिलीन ब्लू हे बुरशीरोधक निळे औषध घालावे. देशी बदामाचे वाळलेले पानही बुरशीला काहीसा आळा घालते. पांढरी पडून कापसासारखी लव आलेली अंडी ड्रॉपरने रोज काढावीत, कारण बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते.

तीन ते पाच दिवसांत पिल्ले निघतात आणि पुढचे दोन-तीन दिवस पोटाच्या पिवळ्या थैलीवर जगतात. तोवर खाद्य तयार हवे. कणकेची घट्ट पेज गार करून तिच्यात चिमूटभर यीस्ट आणि विरजणापुरते मायक्रोवर्म (धाग्यासारखे सूक्ष्म जंत) घातले, की आठवड्याभरात डब्याच्या भिंतीवर चकचकीत, वळवळणारी जाळी चढते. ती बोटाने पुसून पाण्यात बुडवायची. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीसारख्या जीवाची) अंडी लिटरला २५ ग्रॅम खडे मीठ घातलेल्या पाण्यात, हवेच्या बुडबुड्यांत ठेवल्यास साधारण २४ ते ३६ तासांत उबतात. ती पिल्ले कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यावीत. उकडलेल्या अंड्याचा बलक मी एका वर्षी दिला होता. त्याच रात्री भारनियमनात पंप बंद पडला आणि सकाळी डब्याच्या तळाशी चाळीसएक पिल्ले पांढरी पडलेली दिसली. तेव्हापासून बलक बंद केला आणि बॅटरीवर चालणारा पंप घेतला. खाद्य थोडे, दिवसातून तीन वेळा द्यावे, आणि तळाचा गाळ सलाइनच्या नळीने रोज ओढून तेवढेच, त्याच तापमानाचे पाणी परत घालावे.

दीड-दोन महिन्यांत पिल्ले दीड सेंटिमीटरच्या पुढे गेली की मोठ्या टाकीत सोडता येतात. ती जाळीने धरू नयेत. परांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून मगाने पाण्यासकट उचलावीत. कोणाला द्यायची झाल्यास पिशवी दुहेरी घ्यावी. उरलेली पिल्ले मामा तलावात सोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण कोणीतरी असेच सोडलेले सकर मासे आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत जाळी फाडत आहेत.