दान वेगळे, देणे वेगळे : कॅनडातील मंडळीने समेटाचे काम कसे हाती घ्यावे

कॅनडातील एखाद्या ख्रिस्ती मंडळीला आपल्या भागातील आदिवासी समाजाशी समेट साधायचा असेल, तर तिने आधी जमाखर्चाची दोन खाती वेगळी करावीत : एक दानाचे, दुसरे भरपाईचे. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानातला जकातदार जक्कय नेमके हेच करतो. अर्धी मालमत्ता तो गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करतो. पहिले औदार्य आहे, दुसरे देणे, आणि देणे फेडताना उपकाराची भाषा शोभत नाही.

सुरुवात स्वतःच्या दप्तरापासून करावी. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या आदिवासी समाजांतील दीड लाखाहून अधिक मुलांना, त्यांची भाषा आणि संस्कृती पुसून टाकण्यासाठी, कुटुंबांपासून तोडून ज्या निवासी शाळांत घातले गेले, त्या सरकारी पैशावर प्रामुख्याने कॅथलिक, अँग्लिकन, युनायटेड आणि प्रेस्बिटेरियन चर्चनी चालवल्या. जवळची शाळा आपल्या पंथाची होती का, आपल्या मंडळीने तेथे पैसे, कपडे किंवा शिक्षक पाठवले होते का, हे जुन्या इतिवृत्तांतून आणि छायाचित्रांतून शोधावे. मुलांची नावे असलेला कागद हाती लागला, तर तो सूचनाफलकावर न लावता विनिपेग येथील राष्ट्रीय सत्य आणि समेट केंद्राला कळवावे.

त्यानंतर, या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाच्या २०१५ मधील ९४ शिफारशींपैकी ५८ ते ६१ या चर्चसंबंधीच्या शिफारशी पाळकांनी आणि कार्यकारी समितीने एकत्र बसून वाचाव्यात. त्यांतली ६१वी खिशाला हात घालणारी आहे : उपचार, भाषा, संस्कृती आणि शिक्षण यांच्या कामांसाठी कायमस्वरूपी निधी उभारावा, असे ती सांगते, आणि उपचार व समेटाच्या प्रकल्पांवर नियंत्रण त्या समाजाचेच असावे, असेही. म्हणून ही रक्कम वर्षअखेरीच्या शिलकीतून न देता अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावी, ती कशावर खर्चायची हे त्यांनाच ठरवू द्यावे आणि धनादेश देतानाचे छायाचित्र टाळावे.

भेटीला जाण्यापूर्वी, ही भूमी कोणाची आणि तिच्याविषयी कोणता करार झाला होता का, हे माहीत करून घ्यावे. अनेक फर्स्ट नेशन्समध्ये ज्येष्ठांना विनंती करताना तंबाखू अर्पण करतात, परंतु ही रीत सर्वत्र नाही. त्यामुळे त्या समाजाचा कारभार पाहणाऱ्या परिषदेच्या कार्यालयात आधी विचारावे. ज्येष्ठांना बोलावल्यास मानधन आणि प्रवासखर्च द्यावा. शाळेतले अनुभव सांगा, असा आग्रह कोणीही धरू नये. त्या आठवणी उकरल्यावर होणारा त्रास त्यांनाच सोसावा लागतो. (ही भूमी मूळची कोणत्या समाजाची हे सांगणारे निवेदन दर रविवारी एका दमात वाचून टाकणे म्हणजे समेट, असा समज मात्र फार पसरला आहे.)

क्षमायाचना करताना उत्तराची अपेक्षा धरू नये. युनायटेड चर्चने १९८६ मध्ये सडबरी येथे आदिवासी सदस्यांची क्षमा मागितली. १९८८ मध्ये त्यांनी तिची दखल घेतली, पण ती स्वीकारली नाही, आणि तेथे रचलेला दगडांचा स्मृतिस्तंभ मुद्दाम अपुरा ठेवला गेला. निवासी शाळांबद्दलची स्वतंत्र क्षमायाचना त्यानंतर १९९८ मध्ये झाली. तुमच्या क्षमायाचनेला उत्तर आले नाही, तरी पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकातून भरपाईची बाब वगळू नये.