घरच्या लेझर कटरचा धूर आणि धोके: या चुका टाळा

सांगली, मिरज, कुपवाड, सातारा, सगळीकडेच घरी लेझर कटर घेणारे बघता बघता वाढले. कुणी नावाच्या पाट्या करतं, कुणी रुखवताच्या वस्तू, आणि श्रावण लागला की मखरांच्या ऑर्डरी सुरू होतात. मशीन घेताना सगळी चर्चा वॅटची: 10 घ्यावं की 20, निळ्या किरणाचं डायोड घ्यावं की सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या नळीचं. धूर कुठून काढायचा हा प्रश्न पडतो तो पहिला एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) तुकडा कापून घरभर वास सुटल्यावर. माझं आग्रहाचं सांगणं आहे, हिशोब उलटा करा. आधी धुराची वाट आणि अर्थिंग, मग उरलेल्या पैशात बसेल ते मशीन. वॅट पुढे वाढवता येतात, फुप्फुसं आणि डोळे बदलून मिळत नाहीत.

पंखा मशीनला चिकटवून बसवणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते. मशीनच्या मागे पंखा, त्याला चुण्यांचा ॲल्युमिनियम पाइप आणि पाइपचं दुसरं टोक खिडकीबाहेर. दिसायला ठीकठाक. पण या रचनेत पंख्यापासून खिडकीपर्यंतचा सगळा पाइप आतून दाबाखाली असतो. क्लिप जरा सैल झाली, कुठे बारीक भोक पडलं की धूर तिथून खोलीत येतो. पंखा बाहेरच्या टोकाला, खिडकीपाशी बसवा. मग घरातला सगळा पाइप ओढीखाली राहतो. त्याला भोक पडलंच तर खोलीतली हवा आत शिरते, धूर बाहेर येत नाही.

पंखा कुठला, हेही महत्त्वाचं. स्वयंपाकघरातला पात्यांचा एक्झॉस्ट फॅन मोकळ्या भिंतीतून भरपूर हवा फेकतो, पण त्याच्यामागे लांब पाइप आणि दोन-तीन कोपरे लावले की त्याचा जोर संपतो. इथे ब्लोअर किंवा पाइपमध्ये बसणारा इनलाइन फॅन लागतो. 4 इंची पाइपाऐवजी 6 इंची घेतलात तर हवेला जायला सव्वादोन पट जागा मिळते, त्यामुळे खर्चात काटकसर करायचीच तर ती इथे करू नका. चुण्यांचा पाइप लागेल तेवढाच आणि नीट ताणून लावा, कारण प्रत्येक चुणी हवेला अडवते. उरलेलं अंतर गुळगुळीत जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) पाइपने पार करा. पत्र्याची कामं करणारा कारागीर मापाने गोल पाइप करून देतो.

सगळं जोडून झालं की एक उदबत्ती लावा. पंखा चालू, मशीनचं झाकण बंद. उदबत्तीचा धूर झाकणाच्या फटीजवळ, मग मागच्या बाजूला, मग खालच्या ट्रेजवळ सावकाश फिरवा. सगळीकडे धुराची रेघ वाकून आत ओढली गेली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात ती सरळ वरच जात असेल तर तिथली ओढ अपुरी आहे, आणि बाहेरच्या दिशेने वळत असेल तर कुठेतरी दाब उलटा आहे. दर महिन्याला हे करून पाहा, कारण एमडीएफ आणि प्लायचा चिकट थर पात्यांवर बसत जातो आणि ओढ हळूहळू कमी होते. ती कमी झालेली नाकाला कळत नाही, वासाची सवय होऊन जाते.

दारं-खिडक्या गच्च बंद ठेवणं

बाहेर हवा जायची तर आत यायलाही हवी. धूर शेजारच्या खोलीत जाऊ नये म्हणून लोक दार लावतात, फटीत कापड कोंबतात, आणि मग पंखा नुसताच घरघरतो. दाराखाली बोट-दोन बोटं फट ठेवा किंवा समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडा. छताचा पंखा मात्र काम चालू असताना बंद. विशेषतः उघड्या डायोड मशीनवर वरच्या पंख्याचा वारा आला की धूर पाइपाकडे न जाता खोलीभर पसरतो. एसी चालवून उपयोग नाही, स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो.

पाइपाचं बाहेरचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पावसाळ्यात कळतं. साताऱ्यात त्या चार महिन्यांत वारं पश्चिमेकडून, कासच्या अंगाने येतं. तोंड त्या भिंतीला असेल तर धूर परत तोंडावर येतो आणि पाणीही आत शिरतं. शक्यतो पूर्वेची भिंत निवडा, तोंडाला खाली वळणारा कोपरा लावा आणि पंखा बंद असताना मिटणारी झडप बसवा. चिमण्या-पारव्यांसाठी जाळी लावायची तर मोठ्या भोकांची लावा, बारीक जाळी डांबरासारख्या थराने बुजते. आणि ते तोंड कुणाच्या खिडकीखाली येत नाही ना, हे शेजाऱ्यांनी सांगायच्या आधी आपणच पाहावं.

सनबोर्ड कापणं

याबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. गणपतीच्या तोंडावर सनबोर्डचं मखर लेझरवर कापून द्या, अशी मागणी हमखास येते. बाजारात सनबोर्ड म्हणून मिळणारी पांढरी शीट बहुतेक वेळा पीव्हीसी फोम असते. पीव्हीसीत क्लोरीन असतो, आणि लेझरने जाळल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते घशात, डोळ्यांत, फुप्फुसांत जातं आणि मशीनच्या रॉडवर, बेअरिंगवरही बसतं. कापलं नीट म्हणून खूश व्हावं, तर काही दिवसांत लोखंडी भागांवर तांबूस गंज दिसू लागतो. तोच वायू घरातल्या माणसांनीही घेतलेला असतो.

रेक्झिन, फ्लेक्स, बरेचसे विनाइल स्टिकर हे सगळं याच जातीचं. एबीएस प्लास्टिकमधून हायड्रोजन सायनाइड निघतो. पॉलिकार्बोनेट नीट कापलं जात नाही, पिवळं-काळं पडतं आणि पेटतं. थर्माकोल तर क्षणात वितळून पेटतं. ग्राहक कितीही ओळखीचा असला तरी या वस्तूंना नाही म्हणा. मखरासाठी प्लाय, एमडीएफ, पुठ्ठा, ॲक्रिलिक आहेच.

शीट कशाची आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर तांब्याच्या तारेची चाचणी घरी होते. वायरवरचं प्लास्टिक पूर्ण सोलून तांबं पक्कडीत धरा आणि निळ्या ज्योतीत तापवा. ज्योतीत हिरवट रंग असेल तर तो जाईपर्यंत तापवत राहा. मग तापलेलं टोक शीटच्या कोपऱ्याला क्षणभर टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली तर क्लोरीन आहे, ती शीट मशीनजवळ आणू नका. चाचणी अंगणात किंवा गच्चीवर, अगदी कणभर प्लास्टिक घेऊन करायची.

पत्र्याच्या खोलीत सीओटू मशीन

2019 आणि 2021 चा महापूर पाहिल्यावर सांगलीत नदीकाठच्या भागात तळमजल्यावर महागडं मशीन ठेवायला कोण धजावेल? मग ते गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जातं. धुराच्या दृष्टीने जागा उत्तम, पण सीओटूच्या काचेच्या नळीला ती सोसत नाही. नळीतून फिरणारं पाणी साधारण 15 ते 25 अंशांच्या दरम्यान हवं. 30 च्या वर गेलं की ताकद उतरते आणि नळीचं आयुष्य घटतं. एप्रिल-मे मध्ये बाहेरच 38-40 अंश असताना पत्र्याखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. इथे बरेच जण फसतात ते नळीचं पाणी थंड करायला सीडब्ल्यू-3000 चिलर घेऊन. त्यात कॉम्प्रेसर नाही, तो फक्त पंख्याने पाणी निववतो, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. आपल्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसरवाला सीडब्ल्यू-5000 किंवा त्याच्या तोडीचा चिलर लागतो. पाणी डिस्टिल्ड वापरा, बोअरचं अजिबात नको.

पावसाळ्यात उलटा त्रास. बर्फाच्या बाटल्या टाकून पाणी फार थंड केलं तर थंड तांब्याला बाहेरून दहिवर धरतं तसं नळीला धरतं, आणि त्या नळीच्या एका टोकाला 15-20 हजार व्होल्ट असतात. ठिणगी उडून पॉवर सप्लाय जातो. दमट दिवसांत पाणी 22-25 अंशांवरच ठेवलेलं बरं. आणखी एक: ओल शोषलेला प्लाय आरपार कापला जात नाही, म्हणून लोक वेग कमी करतात, त्यातून धूर आणि ज्वाळा दोन्ही वाढतात. प्लाय आधी कोरडा करा.

अर्थिंग आहे असं गृहीत धरणं

बोर्डवर तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या घरांत, वाड्यांच्या वायरिंगमध्ये तिसरं भोक कित्येकदा रिकामंच असतं. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर काम तिथेच थांबवा. डिजिटल मीटरवर तुटलेली अर्थ वायरसुद्धा कधी कधी व्होल्टेज दाखवते, म्हणून वायरमनला टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून बघायला सांगा. बल्ब न्यूट्रलवर पेटतो तसाच पेटला पाहिजे. 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असेल तर ती उडेल, आणि ती उडणंच बरोबर आहे. नसेल तर बसवून घ्या. प्लगची जाड पिन कापणं, दोन पिनेचा ॲडॉप्टर लावणं, असले उद्योग सीओटू मशीनवर जिवावर बेततात. हाय व्होल्टेजच्या भागात स्विच बंद केल्यावरही विद्युतभार शिल्लक राहू शकतो, त्या भागाचं झाकण स्वतः उघडू नका.

गॉगल आणि मास्कवर विसंबणं

डायोडचा निळा किरण 450 नॅनोमीटरच्या आसपास असतो, सीओटूचा 10,600 वर आणि डोळ्यांना न दिसणारा. एकाचा गॉगल दुसऱ्याला चालत नाही. पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण सीओटूचा किरण अडवतं, निळा मात्र त्यातून सरळ पार जातो. उघडं डायोड मशीन असेल तर फक्त तुमच्या डोळ्यांवर गॉगल असून भागत नाही, दारात डोकावणाऱ्या पोरांचं काय? योग्य रंगाच्या झाकणाची पेटी करा आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच बसवा. एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. कार्बन फिल्टर भरत जातो, बदलावा लागतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तो धरत नाही. बाहेर सोडायची सोय असताना फिल्टरच्या भरवशावर राहू नका.

‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून उठणं

आग लागते ती बहुतेक किरण एका जागी थांबल्यामुळे. यूएसबी केबल निसटते, लॅपटॉप झोपतो, बेल्ट अडकतो, आणि किरण एकाच ठिकाणी जळत राहतो. खालच्या ट्रेमध्ये कपच्या आणि भुसा साठलेला असेल तर पेटायला वेळ लागत नाही. ट्रे रोज साफ करा, एअर असिस्ट (कापायच्या जागी हवेचा झोत सोडणारी सोय) चालू ठेवा, आणि काम चालू असताना खोली सोडू नका. मोबाइलवर कॅमेरा लावून खाली जेवायला जाणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे.

वीज जाते तेव्हा लेझर थांबतो, पण पंखाही थांबतो. अर्धवट जळलेला एमडीएफ धुमसत राहतो आणि कोंडलेला धूर खोलीत येतो. ब्लोअर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लेझर मात्र त्या लाइनवर घेऊ नका. वीज परत आली की आधी पंखा आणि पाणी, मग मशीन.

2 किलोचं आयएसआय मार्कचं सीओटू अग्निशामक दाराजवळ टांगा, मशीनच्या मागे नको, कारण आग तिथेच असणार. पावडरचं अग्निशामक लेन्स आणि इलेक्ट्रॉनिक्सची वाट लावतं, पण ज्वाळा मशीनबाहेर आल्या तर हाताशी असेल ते वापरा. आधी मेन स्विच बंद, मग बाकीचं. काम संपल्यावर पंखा चार-पाच मिनिटं चालू राहू द्या, झाकण लगेच उघडू नका. मग ट्रेमध्ये कुठे लाल ठिणगी राहिली नाही ना ते वाकून बघा, आणि ॲक्रिलिकचे ताजे तुकडे रात्रभर गच्चीतच वास जाईपर्यंत ठेवा.