संक्रांतीनंतरची थंडी आणि लिंबाची बाग

संक्रांत झाली म्हणून गोणपाटं घडी करून ठेवू नका, भाऊ. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, नवती (कोवळी पालवी) आणि कळी याच दिवसांत फुटते, आणि कागदी लिंबू मोसंबी-संत्र्यापेक्षा थंडीला नाजूक. माझी बाग शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. वर डोंगरातल्या तोरणमाळ-डाबला दव गोठलं की इकडच्या सखल वावरातही धोका समजायचा. मोबाईलवर ५ अंश दिसले तरी जमिनीलगत त्याहून कमी असतात.

आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि सांजेला वारा पडलेला, ती रात्र वाईट. ढग असले तर खुशाल झोपा. थर्मामीटर ओट्यावर नको, बागेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात टांगा. थंड हवा जड, पाण्यासारखी उताराकडे जाते. खालच्या बांधाला दाट कुंपण असेल तर ती तिथंच तुंबते, म्हणून थोडी वाट मोकळी करून द्या.

खरा उपाय पाणी. ओली जमीन दिवसा ऊब जास्त धरते, रात्री ती झाडाला मिळते. म्हणून आदल्या दिवशीच बाग भिजवा. त्या आठवड्यात विजेची रात्रपाळी असेल तर उत्तमच (एरवी शिव्या घालतो आपण तिला), विहिरीचं कोमट पाणी पहाटेपर्यंत चालू ठेवता येतं. आळ्यातलं गवत काढा, केळीच्या पानांचं आच्छादनही बाजूला सारा. त्याखाली जमीन तापत नाही. बहार धरायला बागेचं पाणी तोडून ताण दिला असेल आणि तो तोडायला चार दिवसच उरले असतील तर वाट न बघता पाणी सोडा.

लहान कलमांवर तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) सांगाडा करून गोणपाट टाका, पार जमिनीला टेकेल असं. नुसतं डोक्यावर छत्रीसारखं धरून जमिनीची ऊब अडत नाही. प्लास्टिक असेल तर पानाला चिकटू देऊ नका. ऊन आलं की उघडा.

धुराचं फार कौतुक करतात. धूर फारसा काही अडवत नाही, कामाला येते ती आच. एक मोठी होळी पेटवण्यापेक्षा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) लहान लहान शेकोट्या बागभर ठेवा, आणि जोर पहाटेच्या वेळेला. सूर्य उगवायच्या आधी पारा सगळ्यात खाली असतो.

एवढं करूनही शेंडे करपलेच तर लगेच कात्री चालवू नका, युरियाही नको. नवे फुटवे कुठून येतात ते दिसू द्या, मग मेलेलं लाकूड कापून तिथं बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. पानं गळून उघडी पडलेली खोडं उन्हाळा तापायच्या आत चुन्यानं रंगवून घ्या.