एलव्हीएम स्नॅपशॉट घेतलात? काम झालं की लगेच काढून टाका

लिनक्स सर्व्हरवर एलव्हीएमचा (डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटणाऱ्या व्यवस्थेचा) स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमचं त्या घडीचं गोठवलेलं रूप, क्षणात तयार होतो, म्हणून तो फुकटात पडला असं वाटतं. तसं नाही. साध्या, म्हणजे थिन (लागेल तशी सामायिक साठ्यातून जागा घेणाऱ्या) नसलेल्या स्नॅपशॉटमध्ये मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा लिहिताना जुना डेटा आधी स्नॅपशॉटच्या जागेत कॉपी होतो, मगच नवा लिहिला जातो. डेटाबेसवर वर्दळ असेल तर साइट बंद पडत नाही, पण रखडते. म्हणून स्नॅपशॉट शांत वेळी घ्या आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर पोचला की काढा. स्नॅपशॉटलाच बॅकअप समजणारे पाहिले की काळजी वाटते. डिस्क गेली की दोन्ही गेले.

स्नॅपशॉटसाठी राखलेली जागा भरली तर तो बाद होतो, मूळ डेटा शाबूत राहतो. ती किती भरली हे कळायला एलव्हीएस (lvs) कमांडमधला डेटा टक्क्यांचा (Data%) रकाना बघत राहा. किती टक्के भरली की ही जागा आपोआप वाढवायची, ती मर्यादा मुळात १०० असते, म्हणजे सोय बंदच. ती ७० करा आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (व्हॉल्यूमना जागा पुरवणाऱ्या डिस्कच्या साठ्यात) मोकळी जागा ठेवा.

थिन पूल (थिन व्हॉल्यूमचा सामायिक साठा) मात्र भरू देऊच नका. तिथे मूळ व्हॉल्यूमवरचं लिहिणंही अडतं, मुळातल्या सेटिंगप्रमाणे ६० सेकंदांनी एरर येऊ लागतात, आणि मग सर्व्हर खरोखर बसतो.