सरकारी जमिनीचा छोटा तुकडा एका विभागाकडून दुसऱ्याकडे वर्ग करताना या चुका टाळा

‘जमीन सरकारचीच, द्यायची सरकारलाच, मग अडचण कसली?’ अशा समजुतीने सुरू झालेला पाच-दहा गुंठ्यांचा प्रस्ताव महिनोन्‌महिने टेबलांवर फिरत राहतो. अंगणवाडी, पाण्याची टाकी, पोलीस चौकी, आरोग्य उपकेंद्र अशा कामांना जागा लहानच लागते, पण जागा लहान म्हणून कागद कमी लागत नाहीत. मोठ्या प्रकल्पाला स्वतंत्र भूसंपादन अधिकारी आणि मोजणीचा निधी असतो. छोट्या तुकड्याचा सगळा भार एखाद्या लिपिकावर आणि त्याच्या जुन्या नमुना-पत्रांवर पडतो. महाराष्ट्रात अशा फायली त्रुटी लावून परत येतात त्यामागची कारणं ठरलेली आहेत.

देणारा कोण आणि घेणारा कोण, हेच चुकतं

महाराष्ट्र शासनाचे दोन विभाग आपसात जमीन देतात-घेतात तेव्हा मालक बदलत नाही. मालक महाराष्ट्र शासनच राहतं, फक्त ताबा आणि व्यवस्थापन एका विभागाकडून दुसऱ्याकडे जातं. अशा वेळी खरेदीखताचा मसुदा जोडणं निरर्थक आहे. जमीन साधारणपणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४० चा आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीच्या १९७१ च्या नियमांचा आधार घेऊन महसूलमुक्त व भोगवटामूल्यरहित, म्हणजे जमिनीच्या हक्कापोटी शासनाला भरायची रक्कम न घेता, दिली जाते.

मात्र जिल्हा परिषद, नगरपालिका, एमआयडीसी, एसटी महामंडळ, महावितरण हे ‘विभाग’ नाहीत. त्या वेगळ्या कायदेशीर व्यक्ती आहेत, त्यांची मालमत्ता त्यांच्या स्वतःच्या नावावर असते. केंद्र सरकारची रेल्वे, संरक्षण आणि डाक खातीही राज्याच्या दृष्टीने परकीच. इथे भोगवटामूल्य, भाडेपट्टा, धारणाधिकाराचा प्रकार (जमीन कोणत्या शर्तींवर धारण करायची) असे सगळे प्रश्न उभे राहतात. ‘शासकीय कार्यालय’ एवढाच उल्लेख असलेला प्रस्ताव नेमक्या याच मुद्द्यावर परत येतो.

एक नेहमीचा घोळ आरोग्याच्या जागांचा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं असतं, तर ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. रस्त्यांचंही तसंच आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. रस्त्यालगतची उरलेली पट्टी मागताना ना हरकत चुकीच्या कार्यालयाकडून आणली, तर पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

मागणीपत्रावर सही कोणाची, हेही पाहून घ्या. मुख्याध्यापक किंवा वैद्यकीय अधिकारी गरज कळवू शकतात, पण जमीन स्वीकारण्याचा अधिकार त्यांना नसतो. प्रस्ताव त्या यंत्रणेच्या सक्षम प्राधिकाऱ्यामार्फतच यायला हवा.

सातबारावरचं जुनं नाव

जुन्या नोंदींत मेलेल्या संस्था अजून नांदत असतात. ‘डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड’ असं नाव दिसलं, तर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या हे लक्षात घेऊन वारस संस्था शोधावी लागते. विदर्भात त्याच जागी ‘जनपद सभा’ सापडते. ‘म. रा. विद्युत मंडळ’ नाव असेल तर २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि ती विशिष्ट मालमत्ता महावितरण, महापारेषण की महानिर्मितीकडे गेली हे तपासावं लागतं. ‘डाक व तार’ लिहिलेली जागा आज डाक विभागाची असेल किंवा बीएसएनएलची (कंपनीचा कारभार १ ऑक्टोबर २००० पासून). नाव जुनं आहे म्हणून जागा बेवारस ठरत नाही. आधी नाव दुरुस्तीचा फेरफार (हक्कनोंदीतला बदल) करायचा आणि मगच हस्तांतरणाचा विचार.

याच्या उलट प्रकारही घडतो. रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी जमीन फार पूर्वी संपादित झालेली असते, निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) झालेला असतो, पैसेही दिलेले असतात, पण सातबारावर मूळ शेतकऱ्याचं नाव तसंच राहिलेलं असतं. अशी पट्टी ‘आमचीच आहे’ म्हणून दुसऱ्या खात्याला द्यायला गेलं की शेतकऱ्याचे वारस हरकत घेतात आणि त्यात त्यांची चूक नसते. निवाड्याची प्रत, ताबा पावती आणि संपादनाचा संयुक्त मोजणी नकाशा हे तीन कागद हाती येईपर्यंत प्रस्ताव पुढे सरकवू नका. संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचं असेल तर त्यातलं कलम ९९ वाचा, कारण ज्या प्रयोजनासाठी जमीन घेतली ते बदलण्यावर त्यात बंधन आहे.

केवळ सातबारा जोडून काम भागत नाही. गावच्या महसुली नोंदवह्यांपैकी सरकारी जमिनीसाठी गाव नमुना १-ब, वनजमिनीसाठी १-अ आणि अतिक्रमणासाठी १-ई हेही पाहायचे असतात. शहरात सातबाराऐवजी मिळकत पत्रिका लागते. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेल्या भागातला जुना सातबारा जोडल्याने फाइल अडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

गुंठा आणि आर एक नव्हेत

मोठ्या क्षेत्रात हा फरक खपून जातो, छोट्या तुकड्यात तो भिंतीला भिडतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. मागणी ‘१० गुंठे’ अशी, आदेश ‘०.१० हेक्टर’ असा, म्हणजे मागितले १,०११.७ चौ. मी. आणि मिळाले १,००० चौ. मी. तीस मीटर लांबीच्या बाजूला हा फरक सुमारे ३९ सेंटीमीटरच्या पट्टीएवढा होतो. आराखडा १० गुंठ्यांवर बेतला असेल, तर कुंपणाची भिंत आदेशाच्या बाहेर जाते आणि लेखापरीक्षणात ‘मंजूर क्षेत्राबाहेर बांधकाम’ असा आक्षेप निघतो.

त्याहून महागात पडते दशांश चिन्हाची चूक. ५ आर म्हणजे ०.०५ हेक्टर. टंकताना शून्य गळालं की ०.५ हेक्टर, म्हणजे थेट ५० आर होतात. म्हणून क्षेत्र हेक्टर-आर, चौरस मीटर आणि अक्षरी अशा तिन्ही प्रकारे लिहा. मागणीपत्र, मोजणी नकाशा, मूल्यांकन, आदेश आणि ताबा पावती या पाचही कागदांत आकडा अगदी तोच असला पाहिजे.

मोजणी शेवटी नको, आधी हवी

मोबाइलवर खुणा घेऊन किंवा उपग्रह चित्रावर चौकोन काढून प्रस्ताव पाठवण्याची सवय वाढली आहे. साध्या फोनच्या स्थाननिश्चितीत काही मीटरचा फरक सहज पडतो. जागा १० मीटर × २० मीटर असेल तर तीन-चार मीटरच्या चुकीने तिचा मोठा भाग शेजारच्या गटात जातो. जागा दाखवायला असं चित्र चालेल, हद्द ठरवायला चालणार नाही.

उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करताना प्रकार नीट निवडा. पूर्ण गट जाणार असेल तर हद्द कायम मोजणी पुरते. गटातला तुकडा जाणार असेल तर पोटहिस्सा मोजणी हवी, नाहीतर पुढे स्वतंत्र सातबारा उघडायला आधारच राहत नाही. मोजणीच्या दिवशी देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही यंत्रणांचे प्रतिनिधी जागेवर हजर हवेत. मागच्या बाजूची हद्द एकालाच दाखवून दुसऱ्याची सही नंतर घेण्याचा शॉर्टकट हद्दीच्या भांडणाला आमंत्रण देतो. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती आली की खुणांचे दगड जागेवर पक्के बसवून घ्या. चुन्याच्या रेघा पहिल्या पावसात जातात.

नकाशा पाहताना एक प्रश्न जरूर विचारा: उरलेल्या जमिनीचं काय? रस्त्याकडेचा चांगला चौकोन दिला आणि मागे देणाऱ्या खात्याची जमीन वाट न ठेवता कोंडली गेली, असं बऱ्याचदा होतं. किंवा तुकडा आतला दिला आणि पोहोचायला रस्ताच नाही. ‘सध्या तिथून जाता येतं’ याला अर्थ नाही, कारण शेजारचं खातं उद्या कुंपण घालेल. वहिवाटीच्या रस्त्याची रुंदी नकाशात रंगवून आदेशात मीटरमध्ये लिहून घ्या. जागेखालून जाणारी जलवाहिनी, वरून जाणारी वीजवाहिनी, सांडपाण्याचा चर हेही त्याच नकाशावर दाखवा.

गायरान, वन, झुडपी जंगल

गावातली मोकळी सरकारी जागा म्हटली की बहुधा गायरानच निघतं. जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ नुसार गायरानाचा वापर बदलण्यास मनाई आहे. शासनाच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी सवलत आहे, पण दुसरी योग्य जमीन उपलब्ध नसेल तरच. म्हणून ‘गावात अन्य योग्य शासकीय जमीन उपलब्ध नाही’ हे तहसीलदारांच्या अहवालात गट क्रमांक घेऊन, कारणांसह आलं पाहिजे. एका ओळीचा मोघम शेरा टिकत नाही. विदर्भात निस्तार पत्रकातली (सरकारी जमिनीवरच्या गावकऱ्यांच्या वापरहक्कांच्या दप्तरातली) नोंदही तपासावी लागते.

वनजमिनीत मुळात जिल्हाधिकारी जमीन ‘देऊ’ शकत नाहीत. १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वमान्यता लागते. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलालाही (महसूल नोंदींत याच नावाने असलेल्या झुडपांच्या जमिनीला) हेच लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं. सातबारावर ‘महाराष्ट्र शासन’ आहे म्हणून वनाचा प्रश्न संपत नाही.

छोट्या कामांना एक जवळचा मार्ग आहे, तो पुष्कळांना माहीत नसतो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार शासन चालवत असलेल्या १३ प्रकारच्या सुविधांसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज व दूरसंचार वाहिन्या, तलाव, पिण्याच्या पाण्याच्या योजना, जलसंधारणाची कामं, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ते आणि समाजमंदिर ही ती यादी. यात ठरलेल्या चुका होतात. पोलीस चौकी किंवा तलाठी कार्यालय या यादीत नाही, तरी याच कलमाखाली प्रस्ताव जातो. झाडतोडीची ७५ ची मर्यादा हेक्टरी आहे हे विसरलं जातं, ०.२ हेक्टरसाठी ती १५ झाडांची होते. ग्रामसभेच्या शिफारशीऐवजी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव जोडला जातो. आणि मंजुरी मिळाली की सातबारावर नाव लावायची घाई होते. इथे वापराला परवानगी मिळते, जमीन वनच राहते.

विकास योजनेतलं आरक्षण

शहरात जागा कोणाची यापेक्षा ती कशासाठी राखली आहे हा प्रश्न जास्त वेळ खातो. ‘प्राथमिक शाळा’ आरक्षणाच्या जागेवर पोलीस चौकी मागितली, तर जमीन सरकारी असूनही एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली विकास योजनेत फेरबदल करावा लागेल. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागणीपत्राबरोबरच घ्या. बांधकाम शासनाचं असलं तरी कलम ५८ नुसार नियोजन प्राधिकरणाला काम सुरू करण्याच्या किमान ३० दिवस आधी कळवणं बंधनकारक आहे.

आगाऊ ताबा आणि ‘मार्चअखेर’

निधी ३१ मार्चला परत जाईल म्हणून आगाऊ ताबा घ्यायचा, बांधकाम उरकायचं आणि आदेश ‘नंतर’ मिळवायचा, ही सगळ्यात खोलवर गेलेली चूक. इमारत उभी राहिली की देणाऱ्याला घाई उरत नाही आणि घेणाऱ्यालाही. पुढे दुरुस्तीला किंवा वाढीव मजल्याला तांत्रिक मंजुरी मागितली की ‘जागेचा मालकी पुरावा जोडावा’ असा शेरा येतो. आगाऊ ताबा घ्यावाच लागला तर तो लेखी, क्षेत्र आणि चतुःसीमांसह, जमीन देण्यास सक्षम असलेल्या प्राधिकाऱ्याच्या पत्रानेच घ्या. दोन कार्यालयप्रमुखांनी आपसात ठरवलेलं पत्र त्यासाठी पुरत नाही.

जागेवर अतिक्रमण असेल तर ते ताब्याआधी निघायला हवं. ‘आहे त्या स्थितीत’ या तीन शब्दांखाली अतिक्रमणही तुमच्या पदरात पडतं. जुनी पडकी इमारत असेल तर देणाऱ्या खात्याने तिचं निर्लेखन करून घ्यावं, म्हणजे ती मालमत्ता नोंदवहीतून रीतसर कमी करावी. नोंदवहीत जिवंत असलेली इमारत पाडल्यास जबाबदारी पाडणाऱ्यावर येते.

आदेश मिळाला, पुढे?

आदेश वाचताना आधी अटी पाहा: प्रयोजन, वापर सुरू करण्याची मुदत, पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरणास मनाई. प्रयोजन ‘उपकेंद्र बांधकाम’ एवढंच लिहून आलं आणि तुम्हाला कर्मचारी निवासस्थानही बांधायचं असेल, तर ते प्रस्तावातच मागायला हवं होतं. नंतर बांधलं तर तो शर्तभंग होतो.

आदेशाने नोंद आपोआप बदलत नाही. ताबा पावती नकाशासह करायची, भूमी अभिलेख कार्यालयातून क्षेत्रातला बदल दाखवणारं कमी-जास्त पत्रक तयार करून घ्यायचं, मग तलाठ्याकडे फेरफार, नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. फेरफार झाला असं ऐकून थांबू नका, नवा सातबारा काढून पाहा. क्षेत्र मूळ गटातून वजा झालं आहे का आणि अटी सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आल्या आहेत का, दोन्ही तपासा. नाव लावताना ‘महाराष्ट्र शासन’ आणि पुढे विभाग, किंवा संस्थेचं पूर्ण वैधानिक नाव लावा. अधिकाऱ्याचं पदनाम लावू नका, कारण पदं रद्द होतात, कार्यालयं हलतात.

नवा सातबारा, आदेश, ‘क’ प्रत आणि ताबा पावती हा संच घेणाऱ्या कार्यालयाच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत चढवा आणि देणाऱ्याच्या नोंदवहीतून तेवढं क्षेत्र कमी झाल्याचं पत्र मागून घ्या. ते राहिलं, तर काही वर्षांनी तीच जागा मोकळी समजून तिसऱ्या खात्याला दाखवली जाते.