अणुअंकावरून आवर्तसारणीतली मूलद्रव्याची जागा कशी काढावी

आधी इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते लिहा. सल्फर, अणुअंक 16: 2, 8, 6. कवचे तीन, म्हणून आवर्त (आडवी ओळ) 3. बाहेरच्या कवचात 1 किंवा 2 इलेक्ट्रॉन असतील तर तोच गण (उभा स्तंभ). 3 ते 8 असतील तर 10 मिळवा. सल्फरचा गण 16. हेलियमचे एकमेव कवच 2 इलेक्ट्रॉनांनीच भरते, म्हणून तो गण 18 मध्ये. ही रीत पहिल्या 20 मूलद्रव्यांपुरतीच. संक्रामक मूलद्रव्यांना (गण 3 ते 12) लावू नका.

आता आकार. अणुअंक वाढला की अणू मोठा, असं लिहून बरेच जण गुण घालवतात. सोडियमची त्रिज्या 186 पिकोमीटर, त्याच आवर्तातल्या क्लोरीनची 99! कवच तेच राहतं, केंद्रकावरचा धनप्रभार मात्र 11 वरून 17 होतो आणि इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. गणात खाली गेलं की नवं कवच येतं, म्हणून पोटॅशियम 231.

आयनीभवन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) साधारण आकाराच्या उलट चालते, पण नायट्रोजन (1402 किलोज्यूल प्रति मोल) त्याच्या पुढच्या ऑक्सिजनपेक्षा (1314) वर आहे. ऑक्सिजनच्या एका 2पी कक्षकात (दुसऱ्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांच्या जागेत) दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे त्यातला एक सहज सुटतो. हा अपवाद कारणासकट लिहा; नुसत्या बाणांची आकृती पाठ करून तो सुचत नाही.