आयतीचा जाहिर आणि बातिन अर्थ कसा वाचावा

खुलताबादच्या दर्ग्यांत नेमाने जाणाऱ्या मराठी वाचकानेही कुराणाच्या आयतीला, म्हणजे वचनाला, जाहिर, म्हणजे उघड, आणि बातिन, म्हणजे आतला, असे दोन अर्थ असतात हे ऐकलेले असते; तो आतला अर्थ शोधावा कसा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

सुरुवातीला एकच आयत घ्यावी. ताहा या विसाव्या सूरेतील, म्हणजे अध्यायातील, बारावी आयत मला त्यासाठी सर्वांत योग्य वाटते. पवित्र तुवा दरीत अल्लाह पैगंबर मूसांना वहाणा काढण्याची आज्ञा देतो. आधी शब्द, प्रसंग आणि मागच्या-पुढच्या आयती नीट समजून घ्याव्यात. वहाणा का काढायच्या, याची भाष्यकारांनी दिलेली साधी कारणेही, म्हणजे जागेचा आदर किंवा चामड्याची अशुद्धता, वगळू नयेत. हे काम कंटाळवाणे वाटले तरी त्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर सूफी विचारवंत इमाम गझाली (१०५८–११११) यांचे विवेचन पाहावे. त्यांच्या मते या आज्ञेचा आतला अर्थ इहलोक आणि परलोक या दोन्हींची ओढ टाकणे असा आहे. तरीही मूसांनी खरोखरच्या वहाणा काढल्या, हे ते ठामपणे मान्य करतात. जो केवळ बातिन धरतो आणि जो केवळ जाहिर धरतो, ते दोघेही त्यांना अपुरे वाटतात. खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब (निधन १३३७) यांच्या दर्ग्यात शिरताना आपण पायातले काढतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच कृतीत कसे नांदू शकतात, ते मला सर्वांत स्पष्टपणे उमगते.

ज्ञानेश्वरीच्या पारायणात वाढलेल्या वाचकाला शब्दाआडचा अर्थ नवा नाही, परंतु येथे त्याने एक सावधगिरी बाळगावी. कुराणाच्या उघड अर्थावर शरीयतचे आचार उभे आहेत. म्हणून रोजा म्हणजे मनाचा संयम, असे म्हणून प्रत्यक्ष उपवास सोडता येत नाही. शिया पंथातला दाऊदी बोहरा समाज ज्यांना मानतो त्या धर्मशास्त्रज्ञ काझी नुअमान (निधन ९७४) यांनी आचारधर्मावर एक ग्रंथ आणि त्याच आचारांच्या तावीलवर, म्हणजे अंतरार्थावर, दुसरा ग्रंथ लिहिला. दुसरा आला म्हणून पहिला रद्द झाला नाही.

अंतरार्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, यावर मात्र परंपरांचे एकमत नाही. तिसऱ्या सूरेच्या सातव्या आयतीत मुहकम, म्हणजे निःसंदिग्ध, आणि मुतशाबिह, म्हणजे अनेकार्थी, अशा आयतींचा उल्लेख येतो आणि मुतशाबिह आयतींचा खरा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही, असे म्हटले आहे. येथेच वाक्य थांबवावे, असे बहुतेक सुन्नी विद्वान मानतात. शिया परंपरा ‘आणि ज्ञानात दृढ असलेले’ हे पुढचे शब्दही त्याच वाक्याला जोडते आणि ते इमामांना, म्हणजे पैगंबरांच्या वंशातील आपल्या धर्मनेत्यांना, लावते. म्हणून कोणताही अंतरार्थ वहीत उतरवताना तो कोणत्या परंपरेचा आणि कोणाचा आहे, हे शेजारी लिहून ठेवावे, आणि स्वतःला सुचलेला अर्थ वेगळ्या पानावर ठेवून जाणत्या उस्तादांना दाखवावा.